आखूड नळीच्या रायफलला सप्रेसर निवडताना डेसिबलचा आकडा सर्वांत शेवटी का पाहावा?

सायलेन्सर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बुलेट येते. कर्कश सायलेन्सर लावून रात्री गल्ली दणाणून सोडणारे तरुण आणि ते जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवणारे वाहतूक पोलीस, असे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. अमेरिकेत मात्र या शब्दाचा पहिला अर्थ वेगळा आहे. तिथे सायलेन्सर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकाला बसणारी धातूची नळकांडी. जाणकार तिला सप्रेसर म्हणतात, कारण ती आवाज दाबते, संपवत नाही.

टेक्सासमध्ये गेली अनेक वर्षे स्थायिक असलेल्या आणि तिथले नागरिकत्व घेतलेल्या माझ्या मावसभावाने जानेवारीत मला तीन सप्रेसरचे फोटो पाठवले. प्रत्येकाखाली डेसिबलचा आकडा ठळक छापलेला. सोबत प्रश्न : ‘अगं, तू मेकॅनिकलवाली ना? सगळ्यात कमी आकडा ज्याचा, तोच घेऊ ना?’

दादाकडे साडेदहा इंची नळीची रायफल आहे. मी त्याला लिहिले, ‘आकडा शेवटी बघ.’ हे उत्तर एका मेसेजमध्ये मावण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख. मी बंदूकप्रेमी नाही. पण एखादी वस्तू चुकीच्या आकड्यावर विकली जात असेल आणि त्यात माणसाच्या कानांचा प्रश्न असेल, तर बोलायला हवे असे मला वाटते.

आताच हा विषय का?

अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टनुसार मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि सायलेन्सर यांच्या नोंदणीसाठी २०० डॉलर कर द्यावा लागे. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. महागाईच्या हिशेबाने आज ती साडेचार हजार डॉलरच्या वर जाते. माफिया टोळ्यांच्या त्या दिवसांत अशी शस्त्रे सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याबाहेर ठेवणे हाच हेतू होता. पण कराचा आकडा पुढे नऊ दशके बदललाच नाही आणि त्याची धार आपोआप बोथट झाली.

ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ कायद्याने सप्रेसर आणि आखूड नळीच्या रायफलींवरचा हा कर शून्य केला. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. नोंदणी मात्र कायम आहे. बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी आणि एटीएफ या केंद्रीय यंत्रणेची मंजुरी हे टप्पे आजही चुकत नाहीत. ५० पैकी ४२ राज्यांतच सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय या मराठी वस्ती असलेल्या राज्यांत तो चालत नाही.

आखूड नळीची रायफल कशाला म्हणायचे, तेही कायद्यात ठरलेले आहे. नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा रायफलची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती या वर्गात मोडते. दोन्ही वस्तूंवरचा कर एकाच दिवशी गेला, त्यामुळे ‘दोन्ही एकदमच घेऊ’ असा विचार करणारे दादासारखे अनेक जण आहेत. घोळ नेमका इथेच सुरू होतो. या दोन वस्तूंचे आपसांत फारसे पटत नाही.

सप्रेसर नेमके करतो काय?

याचा शोध लावणारे हायरम पर्सी मॅक्सिम हे एमआयटीतून शिकलेले इंजिनीअर. त्यांचे वडील हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन बनवली आणि त्या आवाजाने स्वतःची श्रवणशक्ती गमावली, असे सांगितले जाते. मुलाने १९०९ मध्ये आवाज कमी करणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले आणि ते ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या नावाने विकले. मोटारींचा आवाज कमी करण्याच्या साधनांवरही त्यांनी काम केले. म्हणजे बुलेटचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर हे नात्याने चुलतभाऊच.

दोन्हींचे तत्त्व एक. प्रेशर कुकरचे झाकण वाफ असताना एकदम उडाले तर स्फोटच होईल. तीच वाफ शिट्टीतून हळूहळू सोडली तर नुसता फुस्स आवाज येतो. गोळीमागून नळीबाहेर येणारा तप्त वायू सप्रेसरमधल्या एकामागोमाग एक बसवलेल्या पडद्यांत अडतो. या पडद्यांना बॅफल म्हणतात. तिथे तो पसरतो, थोडा थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो.

पण गोळीबारात आवाज एकच नसतो. पहिला आवाज नळीच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटाचा. दुसरा, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीच्या हवेतल्या कडकडाटाचा. तिसरा, यंत्रणेच्या खटक्याचा. सप्रेसर फक्त पहिल्यावर काम करतो. गोळी एकदा सुटली की तिच्या कडकडाटावर नळकांडीचा काही ताबा नाही. चित्रपटातल्या हळूच ‘फुट्’ करणाऱ्या पिस्तुलाने आपली समजूत बिघडवली आहे, ती इथेच सोडून पुढे जाऊ.

आकड्यांत सांगायचे तर ५.५६ मिमी रायफलचा आवाज सप्रेसरशिवाय साधारण १६५ डेसिबल असतो. चांगला सप्रेसर त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतो. हे मोजमाप लॉगरिदमिक असते, म्हणून ३० डेसिबलची घट म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपटीने कमी. ऐकायला हे भरघोस वाटते. पण अमेरिकेच्या आरोग्य आणि कामगार यंत्रणांनी अशा क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेषा १४० डेसिबलवर ठेवली आहे. म्हणजे हजारपट घट होऊनही आपण त्या रेषेच्या जेमतेम खाली येतो.

नळी आखूड झाली की काय बिघडते?

५.५६ मिमीचे काडतूस रुजले ते २० इंची नळीच्या एम-१६ रायफलबरोबर. त्यात दीड-पावणेदोन ग्रॅम दारू असते. ती जळायला आणि तिच्या वायूला गोळी ढकलायला लांबी लागते. २० इंची नळीतून गोळी सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाने निघते. साडेदहा इंची नळीतून तो वेग ८०० मीटरच्या आसपास येतो.

हरवलेली ही ऊर्जा गेली कुठे? ती नळीच्या तोंडाशीच उधळली गेली. नळी निम्मी केली की गोळी बाहेर पडतानाचा वायूचा दाब साधारण दुप्पट होतो. अर्धवट जळालेली दारू नळीबाहेर पेट घेते, म्हणून जाळही मोठा दिसतो. थोडक्यात, गोळीला कमी मिळाले आणि उरलेले सगळे नेमबाजाच्या तोंडासमोर फुटले.

आता सप्रेसरच्या बाजूने पाहा. त्याला दुप्पट दाबाचा, जास्त गरम आणि जळत्या कणांनी भरलेला वायू सांभाळायचा आहे. १६ इंची नळीवर उत्तम चालणारा नग साडेदहा इंची नळीवर आवाजात मागे पडतो, लवकर तापतो आणि लवकर झिजतो. म्हणून नळी बदलली की निवडही बदलायला हवी. एकाच सप्रेसरचा एकच आकडा सगळ्या रायफलींना लावणे म्हणजे सपाट रस्त्यावरचा मायलेज खंबाटकी घाटात मिळेल असे धरून चालणे.

डेसिबलचा आकडा फसवा का?

आकडा खोटा असतो असे माझे म्हणणे नाही. तो अपुरा असतो.

पहिला प्रश्न, मोजला कुठे? मायक्रोफोन नळीच्या तोंडाजवळ होता की नेमबाजाच्या कानाजवळ? जाहिरातीत बहुधा नळीजवळचा आकडा असतो, कारण तो सप्रेसरची कामगिरी ठसठशीत दाखवतो. पण ऐकणारा कान नळीच्या तोंडाशी नसतो. तो रायफलच्या मागच्या टोकाशी, रिकामी काडतुसे बाहेर फेकणाऱ्या खिडकीपासून वीतभर अंतरावर असतो. स्वयंचलित यंत्रणेच्या रायफलीत त्या खिडकीतूनही वायू आणि आवाज बाहेर येतो. पुढून छान शांत वाटणारा सप्रेसर कानाशी बराच मोठा ठरू शकतो.

दुसरा प्रश्न, कोणत्या नळीवर मोजला? १६ इंची नळीवरचा आकडा साडेदहा इंची नळीच्या ग्राहकाला दाखवला, तर त्यात खोटे काही नाही आणि उपयोगही काही नाही.

तिसरा प्रश्न, कोणत्या गोळीचा? सप्रेसरमध्ये सुरुवातीला बाहेरची हवा, म्हणजे प्राणवायू असतो. त्यामुळे आत थोडी दारू पेटते आणि पहिल्या गोळीचा आवाज पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठा येतो. नुसती सरासरी दिली की ही पहिली गोळी झाकली जाते.

सुदैवाने आता स्वतंत्र चाचण्या होतात. पीईडब्ल्यू सायन्ससारखी प्रयोगशाळा १०.३ इंची नळीच्या रायफलीवर नळीपाशी आणि कानापाशी अशा दोन्ही ठिकाणी मोजमाप करते. दाबाचे केवळ टोक न पाहता तो किती वेळ टिकतो, हेही पाहते. मला विचाराल, तर आखूड नळीच्या ग्राहकाने अशा चाचणीतला कानापाशी काढलेला निष्कर्ष सोडून दुसऱ्या कुठल्याच आकड्यावर पैसे खर्च करू नयेत.

वायू मागे येतो म्हणजे काय?

एआर-१५ पद्धतीच्या रायफलीत नळीतला थोडा वायू एका छिद्रातून मागे वळवला जातो आणि तोच पुढचे काडतूस भरण्याचे काम करतो. नळी आखूड असली की छिद्रापुढे नळीची लांबी कमी उरते आणि वायूला काम करायला वेळ कमी मिळतो. म्हणून ते छिद्र मोठे ठेवतात. अशा रायफलीला सप्रेसर लावला की पुढची वाट अडते आणि वायू जास्त वेळ, जास्त प्रमाणात मागे येतो. यालाच बॅक प्रेशर म्हणतात.

याचे दोन परिणाम होतात. रायफलची यंत्रणा ठरल्यापेक्षा वेगाने मागे-पुढे आपटते, सुटे भाग लवकर झिजतात आणि काडतूस अडकण्याचे प्रकार वाढतात. दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. हा वायू थेट नेमबाजाच्या चेहऱ्यावर येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि शिशाचे सूक्ष्म कण असतात. बंद रेंजमध्ये तासभर सराव करणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते ते यामुळेच. कान वाचवायला घेतलेली वस्तू फुप्फुसांवर भार टाकत असेल, तर तो सौदा तपासून पाहायला हवा.

अमेरिकी लष्करानेही हाच धडा घेतला आहे. मरीन कोअरने २०२० च्या अखेरीस पायदळाच्या तुकड्यांना सप्रेसर मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. त्यामागचे मोठे कारण लपूनछपून हल्ला करणे हे नव्हते. गोळीबार सुरू असताना शेजारच्या जवानाला आज्ञा ऐकू यावी, हे होते. २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमीच्या नव्या लष्करी रायफलीची नळी १३ इंची आहे आणि तिच्याबरोबर सप्रेसर सुरुवातीपासूनच येतो. त्या सप्रेसरच्या रचनेत वायू जवानाच्या तोंडावर कमीत कमी येईल, यावर भर दिला गेला.

बाजारातही आता वायूला पुढच्या दिशेने वाट करून देणारे, कमी बॅक प्रेशरचे सप्रेसर मिळतात. नळीजवळच्या आकड्यात ते कधी कधी दोन-चार डेसिबलने मागे पडतात. म्हणूनच आकड्यावर नजर ठेवणारा ग्राहक त्यांना बाजूला सारतो. आखूड नळीसाठी खरे तर तेच आधी पाहायला हवेत.

धातू, लांबी आणि जोडणी

प्रत्येक नामांकित कंपनी सप्रेसरबरोबर एक अट छापते. अमुक काडतुसासाठी नळी किमान इतक्या इंचांची असावी. ही अट बारीक अक्षरात असते आणि हमीपत्र तिच्यावरच टिकून असते. ती मोडली की पहिला पडदा झिजतो, प्रसंगी फाटतो. दादाने पाठवलेल्या तीनपैकी एका नगाची किमान नळी त्याच्या नळीपेक्षा लांब होती. सगळ्यात कमी डेसिबल त्याचेच होते.

धातूचा विचारही इथेच येतो. टायटॅनियम हलके असते, पण खूप तापले की त्याची ताकद घटते. शिकारीच्या रायफलीवर, दिवसाला दोन-चार गोळ्यांसाठी ते छान. आखूड नळीवर सलग सराव करायचा असेल, तर उच्च प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा इन्कोनेलसारखे निकेलचे मिश्रधातू हवेत. निदान पहिला पडदा तरी त्यांचा असावा. वजन वाढते, पण वस्तू टिकते.

वजनाइतकीच लांबीही महत्त्वाची. साडेदहा इंची नळीवर सहा इंची सप्रेसर लावला की बेरीज साडेसोळा इंच होते. गाडीत किंवा अरुंद जागेत सोपे पडावे म्हणून नळी कापली आणि मग तेवढीच लांबी पुढे जोडली. शिवाय नळीच्या टोकाशी अर्धा किलोपर्यंत वजन आले की हात लवकर दुखतो. दुकानात दोन मिनिटे हातात धरून हे कळत नाही.

जोडणी साधी आट्यांची असते किंवा झटकन निघणाऱ्या कुलुपाची. कशीही असली तरी नळी आणि सप्रेसर यांची मध्यरेषा तंतोतंत जुळलीच पाहिजे. केसभर फरक पडला तर गोळी आतल्या पडद्याला घासते आणि नळकांडी फुटते. हे काम अंदाजाने करायचे नाही. प्रशिक्षित कारागिराकडून गेज लावून तपासून घ्यायचे. आणि लहान व्यासाच्या सप्रेसरमधून मोठ्या व्यासाची गोळी कधीही सोडायची नाही.

खरोखर शांत हवे असेल तर?

मग बदल सप्रेसरमध्ये नाही, काडतुसात करावा लागतो. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस २०११ मध्ये अमेरिकी उद्योगाच्या मानकांत आले. त्याची रचनाच आखूड नळी आणि सप्रेसर डोळ्यांसमोर ठेवून झाली. त्यातली दारू नऊ-दहा इंची नळीत जवळपास पूर्ण जळते. त्याची जड गोळी ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला साधारण ३०० ते ३१० मीटर वेगाने जाते. त्यामुळे हवेतला कडकडाट उरत नाही. आखूड नळी आणि शांतता यांचा मेळ बसतो तो इथे.

पण याला किंमत आहे. हळू गोळीची ताकद आणि पल्ला कमी. शिवाय एक जीवघेणा धोका आहे. हे काडतूस ५.५६ च्याच मॅगझिनमध्ये बसते. चुकून ते ५.५६ च्या नळीत भरले आणि चाप ओढला, तर रायफल हातात फुटू शकते. दोन्ही रायफली बाळगणाऱ्याने मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवावीत. एकाच वेळी दोन्ही रेंजवर नेऊच नयेत, हे त्याहून बरे.

मग निवडीचा क्रम काय असावा?

मी दादाला जो क्रम लिहून पाठवला, तो असा.

पहिले, रायफल कशासाठी हवी आहे ते एका वाक्यात लिही. ते वाक्य लिहिता येत नसेल तर खरेदी थांबव. दुसरे, तुझ्या काडतुसाला आणि नळीच्या लांबीला कंपनीची लेखी मान्यता आहे का ते बघ. नसेल तर तो नग बाद. तिसरे, बॅक प्रेशर कमी आहे का आणि रायफलीतला वायू कमी-जास्त करण्याची सोय आहे का ते तपास. चौथे, कानापाशी मोजलेला, तुझ्याएवढ्याच नळीवरचा निष्कर्ष शोध. पाचवे, लांबी आणि वजन तुझ्या कामात बसते का ते बघ. जाहिरातीतला डेसिबल सर्वांत शेवटी.

सप्रेसरची किंमत साधारण ५०० ते १,५०० डॉलर असते. नोंद तुझ्या नावावर होते, त्यामुळे पटला नाही म्हणून कपड्यासारखा बदलून मिळत नाही. आधी २०० डॉलरचा कर आणि काही महिन्यांची प्रतीक्षा यांमुळे माणूस नाइलाजाने का होईना, विचार करायचा. कर शून्य झाला, म्हणून विचारही शून्य होऊ नये.

आणि क्रमाच्याही आधीची गोष्ट. आखूड नळीवर कुठलाही सप्रेसर असला तरी कानांत बोंडे आणि वरून इअरमफ लावायचेच. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये सप्रेसर नसलेली रायफल असतेच.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते आणखी साधे आहे. आवाज उगमापाशीच कमी करावा, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा शिकवले जाते. दारू नळीत जळू द्या, बाहेर नाही. म्हणजे आखूड नळीचा सर्वांत चांगला सप्रेसर म्हणजे थोडी लांब नळी. ज्याला महिन्यातून एकदा रेंजवर जायचे आहे, त्याने १६ इंची नळी ठेवून चांगला सप्रेसर लावला, तर वेग जास्त, जाळ कमी, झीज कमी, कान सुरक्षित आणि रायफलीसाठी वेगळ्या नोंदणीचीही गरज नाही. यात रुबाब थोडा कमी पडेल, एवढेच.

गुन्ह्यांचे काय?

हा प्रश्न टाळून हा विषय पूर्ण होत नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच इथे सरकारी इमारतीत १२ जणांना ठार करणाऱ्याच्या पिस्तुलाला सप्रेसर होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तेव्हाही सप्रेसर लावलेले पिस्तूल वापरल्याचे पोलिसांनी सांगितले. गोळीबाराचा आवाज हीच लोकांना पळून जाण्याची पहिली सूचना असते आणि ती मंद झाली तर जीव जातात, हा विरोधकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेच्या माजी सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या व्याधींत कानात सतत आवाज येणे, म्हणजे टिनिटस, सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे. सदोष इअरप्लगच्या खटल्यांत थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ६ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. नॉर्वे, फिनलंडसारख्या कडक शस्त्र कायद्यांच्या देशांत शिकारीच्या रायफलीवर सप्रेसर लावणे सर्वसामान्य मानले जाते. तिथे परवाना माणसाचा आणि बंदुकीचा काटेकोर तपासला जातो.

म्हणून मला वाटते, कर शून्य करायला हरकत नव्हती, पण नोंदणीला हात न लावणे हेच शहाणपणाचे ठरले. मूळ विधेयकात सप्रेसर या कायद्यातूनच वगळण्याची तयारी झाली होती. सिनेटच्या नियमांत ती बसली नाही. कान वाचवणारे साधन म्हणून ज्याला ते हवे आहे, त्याला बोटांचे ठसे द्यायला अडचण नसावी.

मराठी वाचकांसाठी काय लक्षात ठेवायचे?

भारतात हा प्रश्न निवडीचा नाहीच. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करणारे साधन हे ‘अग्निशस्त्र’ याच शब्दात येते. म्हणजे नुसती रिकामी नळकांडी बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. ऑनलाइन मागवण्याचा विचारही करू नये.

अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, तिथल्या केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगता येत नाही. मित्राचा सप्रेसर ‘जरा घरी ठेव’ म्हणून घेणेही महागात पडू शकते. आणि भारतात येताना रेंजवर नेलेली बॅग रिकामी करून, उलटी झटकूनच सामान भरा. एक विसरलेले काडतूस विमानतळावर सापडले, तरी शस्त्र कायद्याखाली कारवाई होते.

दादाने अजून काही घेतलेले नाही. माझ्या मेसेजला दोन दिवसांनी उत्तर आले. रायफल कशासाठी हवी, ते एका वाक्यात लिहायला बसला होता. वाक्य काही जमले नाही. मग सहज म्हणाला, गेल्या दिवाळीनंतर रेंजवरून आल्यावर उजव्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली, ती अजून थांबलेली नाही. घरात कोणाला सांगितलेले नाही.

मी त्याला सप्रेसरचे नाव सुचवले नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली. ती त्याने घेतली आहे.